वांग्याची सात झाडं

माझी बायको आयुष्यभर सांडपाणी शुद्ध करण्याचं काम करत होती आणि मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होतो. आमच्याकडे पाहुणे आले की ती आपणहून सांगायची, "हा झाडांचा, मी गटारांची." पाहुणे हसायचे आणि मग हातातल्या पोह्यांकडे जरा संशयाने बघायचे. तिला त्याची मजा वाटायची. मी चहा करायला आत जायचो.

निवृत्त झाल्यावर ती स्वस्थ बसेल असं मला वाटलं होतं. सहा महिन्यांत तिने गोराईतली एक आळी शोधून काढली. बोरिवलीच्या आमच्या घरातून जेट्टीपर्यंत रिक्षा, पुढे होडी, मग थोडं चालणं. आळीत पंधरा-वीस घरं, मागे भाजीच्या वाड्या आणि वाड्यांच्या मधोमध एक जुनं तळं. घरांच्या संडासाच्या टाक्या भरून वाहायच्या आणि ते पाणी उघड्या गटारातून विहिरींना जवळजवळ शिवून खाडीला जायचं. तिथल्या बायका पावसाळ्यात पाणी दोनदा उकळायच्या आणि तरी मुलांची पोटं बिघडायची. शहराची मोठी वाहिनी तिथवर पोचलेली नव्हती. ती पोचेपर्यंत थांबायचं नाही, असं हिने ठरवलं.

तिने जे केलं ते दिसायला फार साधं होतं. आधी एक झाकलेली टाकी, तिच्यात संडासांचं आणि मोऱ्यांचं पाणी यायचं आणि गाळ खाली बसायचा. मग खडी भरलेला एक लांबट वाफा, त्यात दाट लावलेली कर्दळ. पाणी वरून दिसायचंच नाही. ते खडीच्या पोटातून, कर्दळीच्या मुळांमधून हळूहळू सरकत जायचं आणि दुसऱ्या टोकाला एका पाइपातून तळ्यात पडायचं. वास नाही, डास नाहीत. लाल-पिवळी फुलं मात्र भरपूर. लोक त्याला 'मॅडमची बाग' म्हणायला लागले.

ती दर महिन्याला त्या पाण्याची बाटली भरून तपासणीला पाठवायची. माणसाला आजारी पाडणारं काही त्यात उरलंय का, हे बघायला. अहवाल चांगले यायला लागले तेव्हा तिने लोकांना सांगितलं की हे पाणी भाजीला घाला. विश्वास बसावा म्हणून तळ्याकाठी, पाइपाच्या तोंडापासून बऱ्याच अंतरावर, पायऱ्यांच्या बाजूला, तिने स्वतः वांगी लावली आणि त्याच पाण्यावर वाढवली. त्या वांग्यांचं भरीत ती आळीतल्या बायकांच्या देखत खायची.

मी एकदा तिला विचारलं होतं, "माणसांचं झालं. झाडांच्या रोगांचं काय? तेही पाण्यातून जातात."

"ते तुझं खातं," ती म्हणाली. "तू बघ ना रे."

मी हो म्हणालो आणि बघितलं नाही. त्या वेळी मी एक जाडजूड पुस्तक वाचत होतो. कुठलं ते आता आठवतही नाही.

ती डिसेंबरात गेली. आजार लांबला नाही. तिने देहदान केलेलं होतं, कागद वर्षांपूर्वी भरलेले होते, त्यामुळे मला करायला काही उरलं नाही. गाडी आली, दोन माणसांनी अदबीने तिला नेलं, मी एका फॉर्मवर सही केली. अस्थी नाहीत, दहावा नाही, तेरावा नाही. तिची तशीच इच्छा होती आणि मलाही ती पटलेली होती. पण पटणं वेगळं आणि हात रिकामे राहणं वेगळं. कितीतरी दिवस मी घरात काहीतरी उचलायचो आणि परत ठेवायचो.

ती गेल्यानंतर जानेवारीच्या शेवटी मी पहिल्यांदा गोराईला गेलो. तिची वांगी बघायला. त्या वर्षीची सात झाडं होती, तिने ऑक्टोबरात लावलेली. सातही माना टाकून उभी होती. पानं पिवळी पडली नव्हती, हिरवीच होती, पण लोंबत होती. माती ओली होती. आळीतलं कोणीतरी पाणी घालत असणार.

एवढं सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं. ओली माती आणि हिरव्या पानांनी मान टाकलेलं वांगं पुढे आणलं तर पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारेल, सर, खोड कापून बघू का? माझ्या मनात फक्त एकच आलं, की हिच्या मागोमाग हीही चालली.

मी ती एकेक करून उपटली, मुळांसकट, मातीसकट. तळ्याच्या पायरीवर एक निर्माल्याचा डबा होता. तो तिनेच ठेवलेला होता, लोकांनी हार-फुलं पाण्यात टाकू नयेत म्हणून, आणि त्यावरून तिची दोघातिघांशी भांडणंही झाली होती. मी त्या डब्याकडे बघितलं. तिची झाडं डब्यात टाकायला मला जमलं नाही. मी शेवटच्या पायरीवर उतरलो आणि सातही झाडं पाण्यात सोडली. हात जोडले. ती गेल्यापासून पहिल्यांदा मला काहीतरी पार पाडल्यासारखं वाटलं. येताना होडीत मला झोप लागली.

मार्चच्या सुरुवातीला फोन आला. तळ्याच्या पायरीला लागून ज्यांची वाडी आहे त्या आंटीचा. सत्तरी ओलांडलेली, खणखणीत आवाजाची बाई. मला मास्तर म्हणते.

"मास्तर, या आणि बघा. वांगी गेली, टोमॅटो गेला. सकाळी उभी, दुपारी आडवी. तुमच्या मॅडमच्या गटारानं वाट लावली."

मी गेलो. आंटीची वाडी जवळजवळ संपली होती. तिच्या पलीकडच्या दोन वाड्यांत निम्मी झाडं मान टाकून होती. पानं हिरवी, माती ओली. आता मात्र मला दिसलं. मी आंटीकडून सुरी मागून घेतली, एक खोड तिरपं कापलं आणि काचेच्या ग्लासात स्वच्छ पाणी मागितलं.

"मास्तर, हे खोड ग्लासात कशाला? सरबत करताय?"

"जरा थांबा."

खोडाचं कापलेलं टोक मी पाण्याला टेकवून धरलं. दोन-तीन मिनिटांत त्यातून दुधासारखा बारीक धागा सुटला आणि सरळ खाली उतरला. मग दुसरा. आंटी चष्मा वर करून बघत राहिली.

"हे काय हाय?"

"जिवाणू. झाडाच्या पाण्याच्या नळ्यांत भरून राहतात. झाड तहानेनं मरतं, माती ओली असताना. माणसाला काही करत नाहीत. पण वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा, यांना सोडत नाहीत. मातीतून आणि पाण्यातून पसरतात."

"पाण्यातून," आंटी म्हणाली. "मंग मी काय बोलते?"

त्या रविवारी आळीची बैठक झाली. चर्चमधून आल्यावर, क्रुसापुढच्या मोकळ्या जागेत. फेरीबोटीवर आयुष्य काढलेले एक गृहस्थ मधे खुर्चीवर बसले होते, आळीत त्यांचा शब्द चालतो. ते शांतपणे म्हणाले, "सर, मॅडमबद्दल आम्हाला मान आहे. पण वाडी पिकली नाही तर आम्ही काय खायचं? वाफा बंद करू. पाइप फोडू आणि पाणी पहिल्यासारखं खाडीला सोडू."

"पहिल्यासारखं म्हणजे विहिरीजवळून," मी म्हणालो.

"विहिरीचं पाणी उकळून पिता येतं. वाडीतलं झाड काय उकळून लावणार?"

लोक हसले. मी एवढंच म्हणालो की रोग वाफ्यातून आला हे अजून कळलेलं नाही, मला मे महिन्यापर्यंत मुदत द्या. वर्गाबाहेर मी सहसा चार माणसांत बोलत नाही. पण उभा राहिलो. तिने त्या वाफ्यातली खडी तीन वेळा धुऊन घेतली होती, ते मला आठवत होतं. तो वाफा बुजला असता तर तिचं या जगात केलेलं, हात लावून बघता येईल असं, माझ्या आवाक्यातलं काहीच उरलं नसतं.

त्यांनी मुदत दिली. आंटी म्हणाली, "देऊ या. तसंही आता मरायला काही शिल्लक नाय."

मी बोरिवलीच्या बाल्कनीत वीस कुंड्या मांडल्या. नारळाचा भुसा प्रेशर कुकरमध्ये वाफवून घेतला, घरात दोन दिवस ओल्या गोणपाटाचा वास होता. त्यात टोमॅटोचं बी पेरलं. रोपं वीतभर झाल्यावर प्रत्येकाच्या मुळांना बाजूने सुरीने हलकी जखम केली, म्हणजे पाण्यात काही असलं तर त्याला दार उघडं मिळेल. मग चार प्रकारचं पाणी. पाच कुंड्यांना घरच्या नळाचं. पाच कुंड्यांना वाफ्यात शिरण्याआधीचं, म्हणजे टाकीतलं. पाच कुंड्यांना वाफ्यातून बाहेर पडणारं. पाच कुंड्यांना तळ्याच्या पायरीजवळचं. दर तीन दिवसांनी मी होडीने जायचो आणि कॅनमध्ये पाणी घेऊन यायचो. चार ट्रेमध्ये अंतर ठेवलं होतं, प्रत्येक ट्रेचा मग वेगळा, आणि एका ट्रेकडून दुसऱ्याकडे जाताना मी साबणाने हात धुवायचो. सोसायटीत माझ्याबद्दल काय बोलत असतील याचा अंदाज होता. बायको गेल्यावर माणूस टोमॅटोच्या रोपांना हात धुऊन पाणी घालतो, हे बघून कोणालाही शंका आली असती.

एप्रिलच्या उन्हात अठराव्या दिवशी तळ्याच्या पाण्याची दोन रोपं वाकली. आणखी चार दिवसांत तिसरं. मी खोडं कापली, ग्लासात टेकवली. तिन्हींतून धागा उतरला. नळाच्या पाण्याची पाचही उभी. वाफ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचीही पाचही उभी, ताठ, कळ्या धरायला लागलेली. मी त्या पाच कुंड्यांसमोर स्टूल टाकून बराच वेळ बसलो. तिला हाक मारावीशी वाटली.

पण टाकीतल्या पाण्याच्या पाचांतलं एक रोप वाकलं होतं. त्यातूनही धागा आला.

याचा अर्थ लावायला मला फार वेळ लागला नाही. आळीतल्या घरांत बाजारातून टोमॅटो येतात, बटाटे येतात. ते धुतलेलं पाणी मोरीत जातं, मोरीतून टाकीत. त्याबरोबर रोगही थोडाफार जात असणार. मात्र वाफ्यातून गेल्यावर तो माझ्या पाच रोपांत सापडला नाही. पाच कुंड्यांनी काही सिद्ध होत नाही, हे मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे. पण दिशा कळते.

मग तळ्यात रोग कुठून आला?

मी आंटीकडे गेलो आणि विचारलं की कुठल्या वाडीतली झाडं आधी गेली. तिला सगळं पाठ होतं. कागदावर तळं काढून मी एकेका वाडीवर खूण करत गेलो. सगळ्यांत आधी आंटीची. मग तिच्या दोन्ही शेजारच्यांची. पाइपाच्या तोंडाशी ज्यांच्या वाड्या होत्या, त्यांची सगळ्यांत शेवटी. रोग वाफ्यातून आला असता तर हे उलटं व्हायला हवं होतं.

"तुमच्या पंपाचा पाइप कुठे सोडलाय?" मी विचारलं.

"पायरीशी. तिथं पाणी खोल हाय." मग ती आपल्याच नादात म्हणाली, "आमची आई सांगायची, मेलेलं झाड चुलीत घाल. आम्ही तेच करतो. पाण्यात कोण टाकतो?"

मी पेन्सिल खाली ठेवली. मला पायरी दिसली, शेवटची, हिरवट. सात झाडं पाण्यावर तरंगत कशी लांब गेली नव्हती, पायरीलाच लागून हलत राहिली होती, ते दिसलं. मी त्या वेळी मनात म्हटलं होतं, निघवत नाहीये तिला.

आंटी म्हणाली, "पाणी देऊ? चेहरा बघा कसा झाला."

मी कागद उचलला आणि निघालो. ती संध्याकाळ आणि पुढचे दोन दिवस मी घरात एकच गोष्ट उलटसुलट करत होतो. ते एक वाकलेलं रोप माझ्या कामाचं होतं. मी सभेत उभा राहून म्हणू शकलो असतो की रोग तुमच्या मोरीतून आला, तुमच्या टोमॅटोच्या सालींतून, आणि ते खोटंही ठरलं नसतं. माझ्या हातात तसा पुरावा होता, ग्लासात धाग्यासकट. कोणी मला पायरीवर बघितलं नव्हतं. पण एकदा गटारात रोग आहे असं मीच म्हणालो की वाफा वाचणार नाही. पाच उभ्या रोपांवर कोण विश्वास ठेवणार? लोकांना 'कुठून आला' याचं उत्तर हवं होतं, आणि खरं उत्तर माझ्याकडे होतं. वाफा वाचवायचा तर मी पाण्यात सोडलेली ती सात झाडं मला सांगावी लागणार होती. दुसरा रस्ता मी खूप शोधला. नव्हता.

मे महिन्याच्या पहिल्या रविवारी मी सात कुंड्या होडीतून नेल्या. वाफ्याच्या पाण्याच्या पाच उभ्या. आणि तळ्याच्या व टाकीच्या पाण्याची एकेक, नुकतीच वाकायला लागलेली, ग्लासात दाखवायला. होडीवाला म्हणाला, "सर, लग्न आहे का कोणाचं?"

क्रुसापुढे मी ग्लास मांडले. खोडं कापली. धागे उतरले ते सगळ्यांनी जवळ येऊन बघितले. मोरीतून टाकीत काय येतं तेही मी लपवलं नाही. मग उभ्या पाचांतलं एक रोप कापलं, त्यातून काही आलं नाही. मी म्हणालो, "वाफ्यातून आलेलं पाणी हे. तळ्यातला रोग मी टाकला."

मग मी सगळं सांगितलं. देहदान, रिकामे हात, सात झाडं, पायरी, हात जोडले तेही. मॅडमने ठेवलेला डबा शेजारीच होता हेही सांगितलं. तिने ती रोपं कुठून आणली होती मला माहीत नाही, रोग रोपांबरोबर आला असावा. ती असती तर तिने पहिलं मान टाकलेलं झाड बघताच मला फोन केला असता. मी तिथे होतो आणि मी बघितलं नाही.

एक तरुण बाई रागाने म्हणाली, "सर, तुम्ही शिकवता ना हेच? आम्ही अडाणी, आम्ही जाळतो. तुम्ही शिकलेले, तुम्ही विसर्जन करता!" मी म्हणालो, "हो."

मग आंटी उठली. ती माझी बाजू घेईल असं मला क्षणभर वाटलं. तिने बाजू घेतली नाही.

"माझी दोन सालं गेली, मास्तर. एक गेलं, एक जाईल. वांगं माझं होतं. बाजारात माझ्या वांग्याला लोक थांबायचे." ती थांबली. "पण बाग नाय फोडायची. बागेनं काय केलं? मॅडमचा नवरा येडा निघाला, त्यात बागेची काय चूक?"

हशा झाला. मीही हसलो, बऱ्याच महिन्यांनी. वाफा राहिला.

ठरलं ते असं. तळ्याच्या पाण्यावर दोन वर्षं वांगी, टोमॅटो, मिरची नाही. मका, दुधी, पडवळ चालेल, या रोगाला ते सहसा दाद देत नाहीत. मेलेलं काहीही पाण्यात जाणार नाही, निर्माल्यसुद्धा. आणि तळ्याच्या काठाला आपोआप उगवणारी काटेरिंगणी आणि कामोणी, वांग्याचीच भावंडं, ती रोगाला सांभाळून ठेवतात, मान न टाकता. ती उपटायचं काम मी मागून घेतलं. आंटी म्हणाली, "मागून काय घेता, तुमचंच हाय."

आता दर शनिवारी सकाळी मी तिथे असतो. पायऱ्यांपासून सुरुवात करून पाइपाच्या तोंडापर्यंत काठाकाठाने जातो, रोपटं दिसलं की मुळासकट काढतो, पत्र्याच्या डब्यात टाकतो आणि शेवटी जाळतो. गुडघे दुखतात. महिन्यातून एकदा दोन-चार खोडं कापून ग्लासात टेकवतो. ग्लास तिचा आहे, ज्यात ती चहा प्यायची. सुरुवातीला त्यात धागा दिसायचा. अलीकडे कधी दिसतो, कधी नाही. नाही दिसला तरी मी पंधरा मिनिटं धरून बसतो. घाई करायची नाही, हे मी उशिरा शिकलो.

मागच्या शनिवारी आंटीने मला जेवायला थांबवलं. ताटात वांग्याचं भरीत होतं. मी बघतच राहिलो.

"बोरिवलीच्या मार्केटातनं आणलं," ती म्हणाली. "वांगं विकणारी मी, वांगं विकत आणते. तुमच्यामुळं. खा गुमान."

मी खाल्लं. ते बेचव होतं, आणि तसं मी तिला सांगितलं. देठं आणि साली मी ताटाच्या कडेला जमवल्या होत्या. जेवण झाल्यावर त्या मोरीकडे न नेता मी चुलीत टाकल्या. आंटी बघत होती. तिने हात धुवायला पाणी पुढे केलं.